28 मे आणि 30 मे : एका सोयाबीन उत्पादकाचं केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,

सविनय नमस्कार.

28 मे 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. सोयाबीन क्विंटलमागे 436 रुपयांनी वाढून 5328 वर गेलं. आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी लगेच पेढ्यांचा फोटो टाकला. 30 मे रोजी आपल्या खात्याची अधिसूचना निघाली आणि कच्चं सोयातेल, पामतेल आणि सूर्यफूल तेल यांच्यावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आलं. मधे एकच दिवस गेला, 29 मे. त्या दिवशी मी कृषी केंद्रात बियाण्याचे पैसे भरून आलो होतो.

मी औसा तालुक्यातला, तेरणेच्या खोऱ्यातला. अकरा एकर रान आहे. त्यात आठ एकर सोयाबीन, बाकी तूर आणि रब्बीला ज्वारी. शेतीत पूर्णवेळ उतरण्याआधी आठ वर्षं लातूरकडच्या एका सॉल्व्हंट प्लांटमध्ये, म्हणजे सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्यात, काट्यावर कारकून होतो. त्यामुळे सोयाबीनचा हिशेब मला दोन्ही बाजूंनी येतो, विकणाऱ्याच्याही आणि गाळणाऱ्याच्याही. हे पत्र मराठीत लिहितोय. आपल्या कार्यालयात ते कुणी वाचेल की नाही, सांगता येत नाही. पण लातूरच्या आडतीवर चहा पिता पिता ते नक्की वाचलं जाईल, आणि मला ते दोन्हीकडे वाचलेलं हवं आहे.

आधी हिशेब मांडतो. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण 18 किलो तेल निघतं आणि 80-82 किलो पेंड, जिला बाजारात सगळे डीओसी म्हणतात. मिलवाला सकाळी सौद्याला येतो तेव्हा त्याच्या डोक्यात हे दोनच आकडे असतात: तेलाला काय मिळेल, डीओसीला काय मिळेल. त्यातून खर्च वजा करून तो आमच्या मालाला बोली लावतो. आता शुल्काचं पाहू. मूळ 20 टक्के, त्यावर कृषी पायाभूत सुविधांच्या नावाचा 5 टक्के अधिभार, आणि या सगळ्यावर समाजकल्याण अधिभार, असं मिळून कच्च्या तेलावर 27.5 टक्के बसत होते. 30 मेनंतर ते 16.5 झाले. बंदरात उतरलेलं तेल समजा किलोला 100 रुपयांचं असेल, तर किलोमागे 11 रुपये कमी झाले. अठरा किलोचे झाले 198. म्हणजे 28 मेला आपल्या सरकारने कागदावर 436 रुपये वाढवले आणि 30 मेला मिलवाल्याच्या खिशातून, आम्हाला देता येण्यासारखे, दोनशे रुपये काढून घेतले. हमीभाव सरकारने खरेदी केली तरच मिळतो. मिलवाल्याची बोली रोज मिळते, आणि आमचा बहुतेक माल त्या बोलीवरच जातो.

त्या निर्णयाचं जे कारण दिलं गेलं, ते वाचून मी वहीत एक शब्द अधोरेखित केला: देशी उद्योग. कच्चं तेल स्वस्त केलं, रिफाइंड तेलावर मात्र 35.75 टक्के तसेच ठेवले. दोघांतला फरक 8.25 टक्क्यांवरून 19.25 वर गेला, आणि त्यामुळे देशी रिफायनऱ्यांना संरक्षण मिळालं असं सांगण्यात आलं. रिफायनरीवाल्यांचं गाऱ्हाणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. फरक कमी असताना बाहेरून तयार पामोलिन, म्हणजे रिफाइंड पामतेल, येत होतं आणि त्यांची यंत्रं रिकामी बसत होती, हे खरं आहे. पण कांडला-मुंद्र्याच्या किनाऱ्यावर इंडोनेशिया आणि अर्जेंटिनाचं कच्चं तेल उतरवून ते शुद्ध करणारा कारखाना जर देशी उद्योग असेल, तर आमच्या रानातलं बी गाळणारी लातूरची मिल कोण आहे? आणि ते बी पिकवणारा मी कोण? फरकच वाढवायचा होता तर रिफाइंडवरचं शुल्क वर नेऊनही तो वाढला असता. जागतिक व्यापार संघटनेत आपण मान्य केलेली कमाल मर्यादा सोयातेलासाठी 45 टक्के आहे आणि पामतेलासाठी 300 टक्के. जागा होती. वर जायची पायरी मोकळी असताना खालची निवडली, आणि जिथे उतरले तिथे आम्ही उभे होतो.

आता गाऱ्हाणी. एकेक करून सांगतो, पण सगळी सारख्या वजनाची नाहीत.

सर्वांत जड आहे ते हे, की शुल्क कधी बदलेल याचा नेम नाही. 2018 मध्ये कच्च्या सोयातेलावर मूळ शुल्क 35 टक्के होतं. ऑक्टोबर 2021 मध्ये ते शून्यावर आलं, फक्त अधिभार उरला आणि एकूण बोजा 5.5 टक्के झाला. जवळपास तीन वर्षं तसंच चाललं. मग 14 सप्टेंबर 2024 पासून एकदम 20. मग साडेआठ महिन्यांत 10. ऑक्टोबरचा महिना आमच्या राशीचा, म्हणजे मळणीचा असतो. 2021 मध्ये बरोबर तेव्हाच शुल्क खाली आलं. 2024 मध्ये वाढलं खरं, पण वाढीचा उपयोग व्हायला आधीचं तेल संपायला हवं होतं. त्या वाढीनंतर चार दिवसांत आपल्याच सरकारने सांगितलं, की कमी शुल्कात आलेलं सुमारे 30 लाख टन तेल देशात पडून आहे आणि ते 45 ते 50 दिवस पुरेल. सप्टेंबरच्या मध्यापासून 50 दिवस मोजा. दिवाळी होऊन जाते. तोवर गावातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा माल आडतीवर गेलेला असतो, कारण काढणीचं गुत्तं घेणाऱ्या टोळीला पैसे रोख लागतात आणि सावकार तिथीला चुकत नाही.

मी त्या दिवाळीत 52 क्विंटलपैकी 30 क्विंटल 4150 ने विकलं. तेव्हाचा हमीभाव होता 4892. विक्रीची पट्टी अजून जपून ठेवली आहे. उरलेला माल हमीभावाने द्यावा म्हणून ई-पीक पाहणी, सात-बारा, आधार असं सगळं घेऊन नोंदणी केली. एका खरेदी केंद्रावर तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला ओलावा जास्त निघाला, दुसऱ्या खेपेला बारदाना, म्हणजे रिकामी पोती नव्हती. तिसऱ्यांदा माल घेतला. ट्रॅक्टरचं भाडं तिन्ही खेपांचं लागलं.

दुसरं गाऱ्हाणं माझ्या घरातूनच आलं आहे. शुल्क वाढलं तेव्हा आमच्या गावच्या दुकानात तेलाची पिशवी वीसेक रुपयांनी महागली आणि सोयाबीनचा भाव जागचा हलला नाही. हिशेबाची वही बायको ठेवते. तिने दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले आणि विचारलं, "मग तुम्ही शुल्क वाढवा म्हणून ओरडता ते कुणासाठी?" मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. आता देतो.

व्यापारी माल साठवतो तो उद्याच्या भावावर. समजा आज 27.5 टक्के शुल्क आहे, पण सणवार आला, महागाईचा आकडा वर गेला की दिल्ली एका रात्रीत ते खाली आणणार, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. मग तो चढ्या शुल्काच्या भरवशावर आमचं सोयाबीन चढ्या भावाने का भरून ठेवील? तो गरजेपुरतंच घेतो आणि वाट पाहतो. आयातदार उलटं करतो. शुल्क वाढणार अशी कुणकुण लागली की जहाजं आधीच बोलावतो. दोघांनाही दिल्लीचा स्वभाव कळला आहे. ग्राहकाला शुल्काचा चढ तेवढा जाणवतो आणि शेतकऱ्याला उतार. म्हणून मी केवळ जास्त शुल्क मागत नाही, टिकणारं शुल्क मागतो. 20 टक्के ठेवून आठ महिन्यांत 10 करण्यापेक्षा 15 ठेवा आणि तीन हंगाम हात लावू नका. मला चालेल. मिलवाल्यालाही चालेल, मी विचारलं आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सोयाबीन पडलं ते एकट्या तेलामुळे नाही. बियात तेल 18 टक्केच असतं, बाकी सगळा डीओसीचा खेळ. आणि डीओसीला मार बसला आहे तो इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मका-तांदळाच्या चोथ्याचा. त्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. कोंबड्यांच्या खाद्यात तो डीओसीची जागा घेतो आणि स्वस्त पडतो. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं धोरण चांगलं असेलही. माझा मका पिकवणारा मेहुणा त्यावर खूश आहे. पण एका धोरणाने पेंड पाडायची आणि दुसऱ्याने तेल पाडायचं, मग बियात उरतं काय? टरफल.

पेंडीचा विषय निघालाच आहे तर 2021 ही आठवतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लातूरला सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. आमच्यापैकी कुणाच्या घरात तेव्हा पोतंभरही शिल्लक नव्हतं, त्यामुळे तो भाव आम्ही फक्त मोबाइलवर पाहिला. तरीही ऑगस्ट संपायच्या आत 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी मिळाली. जे बियाणं आम्हाला पेरायची बंदी, त्याची पेंड बंदरातून आत. आमचं पीक आडतीवर आलं तेव्हा भाव निम्म्यावर आला होता. त्याच डिसेंबरात सोयाबीनचे वायदेही, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदेही बंद झाले, म्हणजे पुढच्या भावाचा अंदाज घ्यायची जी एक खिडकी होती तीही मिटली. पोल्ट्रीवाल्यांचं ओझं हलकं करायचं होतं, कबूल. पण भाव वर गेला की दोन आठवड्यांत हालणारं सरकार भाव खाली गेला की दोन वर्षं का हालत नाही, हे कुणीतरी समजावून सांगावं.

तिसरं, नेपाळचं. दक्षिण आशियाई व्यापार करारामुळे नेपाळमधून रिफाइंड तेल विनाशुल्क येतं. नेपाळात स्वतःची गरज भागेल एवढंसुद्धा सोयाबीन पिकत नाही. आपल्याकडे शुल्क वाढलं आणि तिकडून सोयातेलाचे टँकर वाढले. ते तेल कुठल्या देशातलं आहे हे शोधायला फार मोठा गुप्तहेर लागत नाही. पुढच्या दारावर पहारा बसवून मागचं दार उघडं ठेवलं तर पहारेकऱ्याचा पगार वाया जातो. यावर जास्त लिहीत नाही, आपल्या सीमाशुल्क खात्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

चौथं. काही हितचिंतक म्हणतात, सोयाबीन परवडत नाही तर पीक बदला. बरं, काय पेरू? तूर? तुरीची आयात 31 मार्च 2026 पर्यंत शुल्कमुक्त केली. कापूस? कापसावर 11 टक्के शुल्क होतं, ते 19 ऑगस्ट 2025 पासून काढलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे कापसाची वेचणी सुरू होऊन पहिला-दुसरा वेचा घरात येईपर्यंतचा नेमका काळ. अमेरिकेने आपल्या कपड्यांवर 50 टक्के शुल्क लावलं, गिरण्या अडचणीत आल्या, त्यांना सुताचा कच्चा माल स्वस्त हवा होता. त्यांची अडचण खरी असेल. पण ती अडचण वॉशिंग्टनमध्ये तयार झाली आणि तिची किंमत यवतमाळ-परभणीच्या शेतकऱ्याने भरली. मराठवाड्यातल्या कोरडवाहू माणसाची तीन पिकं: सोयाबीन, तूर, कापूस. तिन्हींची दारं एकाच वर्षात बाहेरच्या मालासाठी सताड उघडी. कुठल्या पिकाकडे वळू ते आपणच सांगावं.

माझ्या आजोबांच्या काळी या पट्ट्यात करडई आणि जवस असायचं. करडईचं तेल लाकडी घाण्यावरून घरी यायचं. सोयाबीन आमच्याकडे आलं ते नंतर, आणि आम्ही ते धरलं कारण सरकारनेच तेलबिया वाढवा म्हणून सांगितलं होतं. 1986 मध्ये तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि पाच-सहा वर्षांत देशाची तेलाची आयात अगदी थोड्यावर आली. हे करून दाखवलेलं आहे, स्वप्न नाही. मग 1994 मध्ये पामोलिनची आयात 65 टक्के शुल्कावर खुली झाली आणि चार वर्षांत ते शुल्क 15 वर आलं. आज आपण गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो, वर्षाला दीडशे-एकशेसाठ लाख टन. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने पुन्हा तेलबियांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं, 10,103 कोटींचं, 2030-31 पर्यंत तेलबियांचं उत्पादन 390 लाख टनांवरून 697 लाख टनांवर न्यायचं म्हणून. वाचून बरं वाटलं. पण उत्पादन वाढवणारे हात आमचेच असणार ना? बियाणं, प्रात्यक्षिकं, प्रशिक्षण यांना पैसे, आणि पीक हातात आलं की भाव पाडणारी अधिसूचना. एका बैलाला कासरा पुढे ओढायचा आणि दुसऱ्याला मागे, मग औत चालायचं कसं?

2025 चा खरीप तर सांगायलाच नको. सप्टेंबरात पावसाने असं झोडपलं, की तेरणेकाठची रानं पाण्याखाली गेली. माझ्या आठ एकरांतल्या तीन एकरांत बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, रचायची वेळच आली नाही. उरलेल्या पाचांतून जे निघालं त्यातलं बरंच डागी. आडतीवर त्याला चार हजारसुद्धा कुणी म्हणेना. पावसाचा दोष मी आपल्याला देत नाही. पण माल कमी आला तर भाव वाढतो, हा बाजाराचा जुना नियम तरी आमच्या बाजूने असायचा. आता माल इथे कमी पडला तर ब्राझीलमधून येतो. आमच्यावर आभाळ फाटलं त्याची खबर भावाला लागतच नाही.

ग्राहकांचा प्रश्न मी टाळणार नाही. तेल महागलं की शहरातल्या मोलकरणीच्या घरात काय होतं हे मला कळतं, माझी धाकटी बहीण पिंपरीत भाड्याच्या खोलीत राहते. पण शुल्क कमी केल्याने स्वस्त होणारं तेल तिलाही मिळतं आणि फरसाणच्या कारखान्यालाही, पंचतारांकित हॉटेललाही. गरिबालाच द्यायचं असेल तर रेशनवर द्या. महाराष्ट्रात 2022 च्या दिवाळीत आनंदाचा शिधा म्हणून 100 रुपयांत चार वस्तू दिल्या, त्यात एक लिटर तेल होतं. पामतेल होतं, ते जाऊ द्या. पण वाट होती आणि ती चालून पाहिलेली आहे. त्या वाटेने आमचं सोयातेल द्या, शेतकऱ्याचीही सोय होईल.

आता मागण्या. अर्थसंकल्पाच्या तयारीचे दिवस आहेत, म्हणून आत्ताच लिहितो.

1. खाद्यतेल, डाळी आणि कापूस यांचं आयात शुल्क दरवर्षी 15 मेपूर्वी, पेरणीआधी जाहीर करावं आणि पुढच्या 31 मार्चपर्यंत ते कमी करू नये. कमी करण्याची खरोखर वेळ आलीच तर 60 दिवस आधी सूचना द्यावी. रात्रीत अधिसूचना नको.

2. देशातल्या प्रमुख बाजारांत सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं जात असेल, तर तोवर तेलावरचं शुल्क उतरवता येणार नाही, असा लेखी नियम करावा. सूत्र काय आहे ते प्रसिद्ध करावं, म्हणजे मिलवाला, आयातदार आणि मी, तिघंही एकाच कागदावरून हिशेब करू.

3. कृषी पायाभूत सुविधांच्या नावाने खाद्यतेलावर गोळा होणारा अधिभार तेलबियांच्या खरेदीला आणि भावातल्या फरकाच्या भरपाईला वापरावा, आणि वर्षाला किती जमला, कुठे गेला हे सांगावं. मध्य प्रदेशाने 2025 मध्ये सोयाबीनला भावांतर योजना लावली. महाराष्ट्रातल्या सोयाबीनचा रंग काही वेगळा नाही. निवडणुकीच्या प्रचारात 6000 चा आकडा आम्हाला ऐकवला गेला होता. तो मी इथे मागत नाही, फक्त आठवण करून देतो.

4. करारातल्या देशांतून येणाऱ्या तेलाचं मूळ तपासावं. जिथे पुरेसं पीकच नाही तिथून आलेलं तेल विनाशुल्क सोडू नये.

5. शुल्काचा निर्णय घेण्याआधी ज्यांना बोलावलं जातं त्यांत रिफायनऱ्या आणि आयातदारांच्या संघटना असतात. त्या टेबलाला एक खुर्ची तेलबिया पिकवणाऱ्यांसाठी आणि एक आमच्यासारख्या भागातल्या छोट्या गाळप मिलांसाठी ठेवावी. हिंदी येतं आम्हाला. आकडेही येतात.

यातल्या पहिल्या मागणीला सरकारी तिजोरीतून एक रुपयाही लागत नाही. बाकीच्यांना वेळ लागेल हे मी समजू शकतो, पहिलीला लागू नये.

मी दरवर्षी मेच्या मध्याला घरच्या बियाण्याची उगवण पाहतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि सहा-सात दिवसांनी मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर पेरायला ठेवायचं, नाहीतर विकत आणायचं. किती एकर सोयाबीन आणि किती तूर, हे त्या आठवड्यात ठरतं. आपला आकडा तोवर कळला तर बरं होईल.

कळावे,

आपला नम्र,
औसा तालुक्यातील एक सोयाबीन उत्पादक
जि. लातूर, डिसेंबर 2025